तलाव मोजण्याआधी

तेलंगणाची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक आकडा हमखास भेटतो : या राज्यात सुमारे ४६ हजार तलाव आहेत. आकडा मोठा आहे आणि तो वाचून कुतूहल जागे होते, हे चांगलेच आहे. पण हे कुतूहल आकड्यापाशीच थांबले, तर वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. अमेरिकेतले मिनेसोटा दहा हजार सरोवरांचे राज्य म्हणून ओळखले जाते. तिथली अधिकृत संख्या ११,८४२ आहे, आणि त्यात १० एकरांहून लहान पाणसाठा धरलेला नाही. फिनलंड आपल्या सरोवरांची संख्या १,८७,८८८ सांगतो, पण तिथे ५०० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम पाच गुंठ्यांचा पाणसाठाही सरोवर ठरतो. भारत सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलाशय-गणनेत देशभरात २४,२४,५४० जलाशय नोंदले गेले आणि पश्चिम बंगालचा पहिला क्रमांक लागला, कारण गावोगावची लहान तळीही त्या गणतीत होती. मोजपट्टी बदलली की क्रम बदलतो. त्याहून मोठा फरक उगमाचा आहे. मिनेसोटा आणि फिनलंड इथली सरोवरे हिमयुगातल्या बर्फाने कोरली. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार उल्केच्या आघाताने झाले. तेलंगणात मात्र नाव घेण्याजोगे नैसर्गिक सरोवर नाही. इथला जवळपास प्रत्येक तलाव कोणीतरी जागा हेरून, माती वाहून, पाळ घालून बांधलेला आहे.

या एका वस्तुस्थितीतून या ग्रंथाचा सगळा विचार निघतो. जे निसर्गाने दिले ते एकेक करून मोजता येते; जे माणसांनी एकमेकांशी जोडून बांधले, ते मोजायचे तर जोड मोजावे लागतात. तेलंगणातला तलाव क्वचितच एकटा असतो. त्याच्या वर एक तलाव असतो, खाली एक असतो, आणि वरच्याचे जादा पाणी खालच्यात उतरते. म्हणून या प्रदेशाच्या जलभूगोलाचे खरे एकक तलावांची साखळी हे आहे, असे माझे प्रतिपादन आहे. साखळी लक्षात घेतली की हे तलाव इथेच का झाले, आठशे वर्षे कसे टिकले, गेल्या सत्तर वर्षांत का खंगले आणि हैदराबाद शहर पुन्हापुन्हा पाण्याखाली का जाते, या वरवर वेगळ्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांना येऊन मिळतात. पुढील प्रकरणांत जिल्हावार माहिती आहे. ती वाचण्यापूर्वी हा धागा हाती असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहिली आहे.

प्रथम प्रश्न जागेचा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा आणि तेलंगण हे दोन्ही प्रदेश होते. राज्यकर्ता एक, महसूल खाते एक, बांधकाम खातेही एकच. तरीही तेलंगणात गावोगाव तलाव आणि मराठवाड्यात मुख्यतः विहिरी व कोरडवाहू शेती, असे चित्र होते. हा फरक राजवटीने पडलेला नाही, हे यावरून उघड आहे. तो पायाखालच्या खडकाने पडला. मराठवाडा दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर बसला आहे. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातून झालेली काळी माती पावसाचे पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावरही नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. तेलंगणाचा बहुतांश भाग सुमारे अडीचशे कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचा आहे. त्यांच्या झिजेतून आलेली तांबडी, वाळूसर जमीन, जिला इथे ‘चेलका’ म्हणतात, पाणी धरत नाही. वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याचा सुमारे चार पंचमांश भाग जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मातीत साठवण नाही. तेव्हा साठवण मातीवरच करावी लागली. सोय मात्र याच खडकाने करून ठेवली होती. ग्रॅनाइटच्या झिजेने इथे सगळीकडे बुटके डोंगर, गोलसर शिळांचे ढीग आणि त्यांच्यामधल्या उथळ खळग्या तयार झाल्या. दोन टेकाडांमधल्या अरुंद जागी आखूड पाळ घातली की मागे विस्तीर्ण पाणी उभे राहते.

यावर कोणी म्हणेल, तलाव महाराष्ट्रातही आहेतच. आहेत, आणि ते कुठे आहेत हे पाहिले तर वरचे म्हणणे अधिकच पक्के होते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला तलावांचा पट्टा बेसाल्टच्या पूर्वेला, पुरातन स्फटिकमय खडकांवर आहे. नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात, देगलूर-बिलोलीकडे, लाव्हाचा थर संपून ग्रॅनाइट डोके वर काढतो. कंधारचा जगत्तुंग सागर तिथून फार दूर नाही. राज्याच्या सीमा १९५६ आणि १९६० मध्ये भाषेप्रमाणे आखल्या गेल्या, तलावांची सीमा मात्र खडकाने आखून ठेवलेली आहे. नद्यांचे काय, असेही विचारले जाईल, कारण गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही मोठ्या नद्या तेलंगणातून जातात. पण त्या खोल वाहतात आणि शेती पठारावर आहे. गोदावरी मेडीगड्डापाशी समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटरवर असते आणि हैदराबादचे पठार पाचशे मीटरच्या वर आहे. पंप येण्यापूर्वी नदीचे पाणी वर आणायचे साधन नव्हते. पडलेला पाऊस नदीपर्यंत पोचण्याआधीच अडवायचा, एवढाच मार्ग होता.

तो कसा अडवला, याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या तलावाला तेलुगूत ‘चेरुवू’ म्हणतात, लहान तळ्याला ‘कुंटा’. पाळ म्हणजे ‘कट्टा’, पाणी सोडायची मोरी म्हणजे ‘तूमू’ आणि सांडवा म्हणजे ‘मत्तडी’. पाळीच्या खालच्या अंगाला भिजणारे भातखाचर, वरच्या अंगाला पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी बुडीत जमीन. महसुली दप्तरात ही जमीन ‘शिखम’ म्हणून नोंदलेली असते. तलाव भरला की मत्तडीवरून निघालेले पाणी ओढ्याने पुढच्या गावच्या तलावात जाते, तिथून त्यापुढच्या, आणि अखेरीस नदीत. वरच्या तलावातून झिरपलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते, वरच्या शेतातून निथळलेले पाणी खालच्या तलावात उतरते. एकच पाऊस अशा रीतीने उतरता उतरता अनेक गावांना कामी येतो. यात एक शिस्त गृहीत आहे. वरच्या गावाने मत्तडी हातभर उंच केली तर खालचे गाव कोरडे राहते. खालच्या गावाने ओढा अडवला तर वरच्या गावाची पाळ धोक्यात येते. म्हणून पाणी सोडण्याचे काम ‘नीरडी’ या गावकामगाराकडे असे, पाळीची डागडुजी गावाच्या जबाबदारीत असे, आणि पाळीवर बहुधा कट्टा मैसम्मा या देवीचे ठाणे असे. कुंभार गाळ नेई, कोळी मासे धरी, परीट घाटावर कपडे धुई, गुरे पाण्यावर येत. भाद्रपद-आश्विनात तलाव भरलेले असताना बतुकम्मा सणाची फुले त्यातच सोडली जातात. शेतकऱ्याइतकाच इतरांचाही तलावाशी रोजचा संबंध होता, आणि तो दुरुस्त राहावा अशी गरज असणारी माणसे पुष्कळ होती.

या व्यवस्थेला राज्याचे बळ मिळाले ते काकतीयांच्या काळात. वरंगळहून राज्य करणाऱ्या या घराण्याच्या अमदानीत, विशेषतः गणपतिदेवाच्या ११९९ ते १२६२ या दीर्घ कारकिर्दीत, पाखाल, रामप्पा, लक्नवरम यांसारखे प्रचंड तलाव झाले. रामप्पा तलावाजवळचे रुद्रेश्वर मंदिर गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याने १२१३ मध्ये बांधविले; युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळ ठरविले. मंदिर पाहायला जाणाऱ्यांनी तलावही पाहिला पाहिजे, कारण गाव, देऊळ आणि तलाव ही तिन्ही कामे त्या काळी एकाच संकल्पाने हाती घेतली जात. देवळाला उत्पन्न हवे, उत्पन्नाला भात हवा, भाताला पाणी हवे. तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा किंवा उत्पन्नाचा ठरावीक वाटा मिळे. ‘दशबंध’ या नावाने ही पद्धत ओळखली जाई, आणि पाळ शाबूत तरच वाटा मिळत असल्याने दुरुस्तीची हमी त्यातच आली. काकतीयांची सत्ता १३२३ मध्ये संपली. तलाव मात्र त्यांच्यानंतरच्या प्रत्येक राजवटीने वापरले आणि वाढवले. कुतुबशाहीत इब्राहिम कुतुबशाहाच्या वेळी, १५६२ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हुसेन सागर झाला. हैदराबाद शहर वसले १५९१ मध्ये. म्हणजे ज्या तलावाला आपण शहराचा अलंकार समजतो, तो शहराहून सुमारे तीस वर्षांनी मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या मीर आलम तलावाची भिंत तर स्थापत्यातले आश्चर्य मानली जाते. एका ओळीत उभ्या केलेल्या २१ अर्धवर्तुळाकार कमानी पाण्याचा दाब पेलून तो आधारभिंतींवर आणि खडकावर सोडतात, आणि ती भिंत आजही उभी आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या तलावव्यवस्थेचे गोडवे गाताना त्यामागचे कष्ट कोणाचे होते, हे विसरले जाते. पाळीची माती ज्यांनी वाहिली त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला तलावाखालची जमीन आली नाही. पाणी सोडणारा नीरडी बहुधा दलित जातीतला, आणि भिजणारी उत्तम जमीन देशमुखांची. तेलंगणात ‘वेट्टी’ म्हणजे वेठबिगार किती खोल रुजली होती, हे १९४६ ते १९५१ च्या शेतकरी लढ्याने जगासमोर आणले. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नीट काढला पाहिजे. अन्याय वाटणीत होता. साखळीच्या रचनेत, खडक-माती-पाऊस यांच्या जुळणीत नव्हता. वेठ संपली, जहागिरी गेली, हे योग्यच झाले. दुर्दैव एवढेच, की जुनी जबाबदारी मोडताना नवी न्याय्य जबाबदारी कोणाकडे सोपवली गेली नाही. विदर्भात हेच घडले. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव १९५०-५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारकडे आले. गावाचा निस्तार हक्क कागदावर राहिला, गाळ तलावात राहिला, आणि दुरुस्ती कोणी करायची हा वाद वर्षानुवर्षे चालला. मालगुजारी आणि देशमुखी यांचा बचाव करण्याचे काहीही कारण नाही. पण मालक बदलल्याने पाळ आपोआप दुरुस्त होत नाही, हा धडा दोन्ही प्रदेशांनी सारखाच घेतला पाहिजे.

दुसरा आक्षेप त्याहून थेट आहे आणि तो हैदराबादच्या कोठी भागातल्या रहिवाशांना अधिक जवळचा वाटेल. तलाव फुटतात आणि फुटले की माणसे मरतात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादच्या मुसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि कोठीलगतचा चादरघाटचा पूल असे तीन पूल उद्ध्वस्त झाले. कुतुबशाहीतला पुराना पूल तेवढा टिकला. कोठीची ब्रिटिश रेसिडेन्सी आणि तिच्याभोवती वाढलेला बाजार नदीच्या उत्तर तीरावर, जवळच अफझलगंज. हा सगळा परिसर त्या पुराच्या मुखाशी होता. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे मराठी मुलखाला परिचित असलेले हेच ते अभियंते. त्यांच्या पाहणीत आढळले, की शहराच्या वरच्या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे साधारण दर चौरस मैलाला एक. आणि त्या अतिवृष्टीत त्यांपैकी २२१ फुटले. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे, तो फुटे, आणि लोंढा वाढतच शहरावर आला.

तलाव हेच संकट, असा अर्थ यातून काढता येतो. मला हा पुरावा साखळीच्या बाजूचा वाटतो. २२१ तलाव २२१ वेगवेगळ्या कारणांनी फुटत नाहीत. ते जोडलेले आहेत म्हणून एकापाठोपाठ फुटतात. जे तलाव सामान्य वर्षी पाणी एकमेकांना देतात, ते अतिवृष्टीत धोकाही एकमेकांना देतात. तेव्हा एका तलावाची पाळ भक्कम करून भागत नाही, वरपासून खालपर्यंत सगळे सांडवे पुरेसे रुंद आणि मोकळे असावे लागतात. विश्वेश्वरय्यांनी सुचविलेला उपायही नदीचा एकत्रित विचार करणाराच होता : शहराच्या वर मुसीवर आणि तिच्या ईसी या उपनदीवर पूर थोपवणारे दोन मोठे जलाशय. त्यातून १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर पूर्ण झाले. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी नंतर कित्येक दशके शहराची तहानही भागवली. त्यांच्या पाणलोटात दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घालणारा शासकीय आदेश, क्रमांक १११, १९९६ मध्ये निघाला. तलावाचे रक्षण काठावर होत नाही, त्याला पाणी आणणाऱ्या जमिनीवर करावे लागते, ही जाण त्या आदेशात होती. २०२२ मध्ये हे निर्बंध उठवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा हे तलाव आता शहराच्या पाणीपुरवठ्याला अपरिहार्य नाहीत, असे कारण दिले गेले. त्यांच्या जन्माचे पहिले कारण पूर हे होते, याचा त्या युक्तिवादात विसर पडलेला दिसतो.

शहरातले उरलेले तलाव कसे गेले, हे समजायलाही साखळीच लागते. कोरड्या वर्षांत शिखम उघडे पडते आणि रिकामी जागा म्हणून डोळ्यांत भरते. आधी राडारोडा पडतो, मग कुंपण, मग घरे. तलावाचे नकाशातले क्षेत्र क्वचित एकदम नाहीसे होते. त्याच्याआधी येणारे आणि जाणारे ओढे बुजतात. हे ओढे कोणाच्या नावावर नसतात आणि बहुतेक वर्षे ते वाहत नाहीत, म्हणून त्यांची चोरी लक्षात येत नाही. मासाब टँक या गजबजलेल्या भागात आज तळे नाही, आणि कोठीजवळच्या बोगुलकुंट्यातही नाही. हुसेन सागराला कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बलकापूर हे नाले येऊन मिळतात. जे एके काळी पाणलोटाचे वाहक होते, तेच आज प्रामुख्याने सांडपाण्याचे वाहक आहेत. ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये शहर बुडाले. दुसऱ्या वेळी पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच आले होते. जुलै २०२४ मध्ये हैदराबादेत तलाव आणि सरकारी जमिनी यांच्या रक्षणासाठी ‘हायड्रा’ ही स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. अतिक्रमणे पाडताना आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेल्या, फसवल्या गेलेल्या माणसांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. त्यासाठीच पूर्ण भरण रेषा आणि ओढ्यांचे नकाशे घर विकले जाण्यापूर्वी जाहीर असायला हवेत. शिखमाच्या नोंदी लपून राहतात तेव्हा फायदा बांधणाऱ्याचा होतो आणि नुकसान राहणाऱ्याचे.

तिसरा आक्षेप विकासाचा. निजामसागर १९३१ मध्ये झाला, पुढे नागार्जुनसागर, श्रीरामसागर झाले. मग शेकडो वर्षांची ही उथळ तळी कशाला हवीत? शिवाय उथळ, पसरट तलावातले पुष्कळ पाणी उन्हाने उडून जाते. बाष्पीभवनाचे म्हणणे खरे आहे, पण चेरुवू मे महिन्यापर्यंत पाणी साठवण्यासाठी बांधलेला नसतो. खरिपाच्या भाताला पावसाच्या खंडात तारायचे, विहिरींना झिरपा द्यायचा आणि उन्हाळ्यात तळाची जमीन चराईला मोकळी करायची, हे त्याचे वार्षिक चक्र आहे. मोठ्या प्रकल्पांविषयी म्हणायचे तर त्यांच्याशी तलावांचे वैर नाही. २१ जून २०१९ रोजी सुरू झालेला काळेश्वरम प्रकल्प घ्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्याच्या समोर मेडीगड्ड्याला सुमारे शंभर मीटरवर अडवलेले गोदावरीचे पाणी कोंडपोचम्मा सागराच्या ६१८ मीटर उंचीपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवायचे, अशी त्याची कल्पना. ते पाणी शेतापर्यंत न्यायचे तर उतरत्या साखळीतले जुने तलाव भरणे हाच सोपा मार्ग ठरला, आणि योजनेत तसेच धरले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले, तेव्हा एकाच मोठ्या आधारावर विसंबण्याची किंमतही कळली. एका बांधकामाचे अपयश सगळ्या मोठ्या प्रकल्पांवर लादणे बरोबर नाही. मात्र हजारो ठिकाणी विभागलेला साठा एका दिवसात निकामी होत नाही, हे तलावांच्या बाजूचे ठोस कारण आहे.

तलावांना खरा शह धरणांनी दिला नाही. तो विंधन विहिरींनी दिला. राज्यात शेतीपंपांच्या वीजजोडण्या आज वीस लाखांहून अधिक आहेत. बोअर स्वतःच्या शेतात, स्वतःच्या मालकीचे, हवे तेव्हा चालणारे. त्यासाठी ना नीरडी लागतो, ना खालच्या गावाशी बोलणे. शेतकऱ्याने ते निवडले यात त्याचा दोष नाही, कारण खचलेल्या तलावापेक्षा बोअर भरवशाचे होते. पण कठीण ग्रॅनाइटमध्ये पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते, आणि त्या भेगा भरण्यात तलावांचा वाटा मोठा होता. तलाव गाळाने भरले तसा झिरपा घटला, बोअर खोल गेले, आणि खोलवरच्या खडकातले फ्लोराइड पाण्यातून वर आले. नलगोंडा जिल्ह्याने वाकलेल्या हाडांच्या रूपाने याची किंमत मोजली. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची जी पद्धत शोधली, ती जगभर ‘नलगोंडा तंत्र’ या नावाने ओळखली जाते. एका जिल्ह्याचे नाव असे जगाला कळावे, ही अभिमानाची गोष्ट नव्हे. तो इशारा आहे.

राज्यनिर्मितीनंतर १२ मार्च २०१५ रोजी सदाशिवनगर येथे ‘मिशन काकतीय’ सुरू झाले आणि राज्यातले सगळे तलाव पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने दुरुस्त करण्याचा संकल्प सोडला गेला. गाळ काढला गेला, आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या शेतात नेला. चिकणमाती आणि सेंद्रिय अंश असलेला हा गाळ तांबड्या वाळूसर जमिनीची पाणी धरण्याची ताकद वाढवतो, म्हणजे तलाव आणि शेत दोघांचेही त्यात हित आहे. या कामाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण गाळ पुन्हा येणार आहे. दहा वर्षांनी तो कोण काढणार, मत्तडीची उंची कोण राखणार, आणि वरच्या-खालच्या गावांचा तंटा कोठे सुटणार, याची उत्तरे यंत्रांकडे नाहीत. तलावांची यादी करून एकेक काम पूर्ण झाल्याचा शेरा मारणे प्रशासनाला सोयीचे असते. साखळीनिहाय समित्या नेमून, ज्यात भूमिहीन, कोळी आणि पशुपालक यांनाही मत असेल, त्यांच्याकडे देखभालीचा पैसा आणि अधिकार देणे अवघड असते. पण जुन्या व्यवस्थेतली जबाबदारी घ्यायची आणि तिच्यातली वेठ टाकायची असेल, तर याशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही.

हा ग्रंथ मराठीत का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कोठीच्या इसामिया बाजारात १९२२ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मराठी माणूस या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि इथल्याच नळाचे पाणी पितो. ते पाणीही पूर्णपणे इथले नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवणारी मांजरा लातूर-बीदरवरून तेलंगणात येते आणि १९६५ पासून हैदराबादला पाणी देते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघते. वरच्या तलावाने खालच्याशी जे नाते ठेवायचे, तेच महाराष्ट्राने आणि तेलंगणाने एकमेकांशी ठेवायचे आहे : वरच्याने पाणी अडवताना खालच्याचा विचार करायचा, आणि सिरोंच्याच्या शेतात बंधाऱ्याचा फुगवटा चढतो तेव्हा खालच्याने वरच्याचा. म्हणून पुढली पाने वाचताना प्रत्येक तलावाच्या नोंदीत वाचकाने तीन गोष्टी शोधाव्यात : त्याला पाणी कोठून येते, त्याचे जादा पाणी कोठे जाते, आणि त्या दोन्ही वाटा आज मोकळ्या आहेत की नाहीत. या माहितीचा एक नकाशा प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीत आणि शहरातल्या प्रत्येक प्रभागात लागला, तर ४६ हजार या आकड्याला अर्थ येईल. तो नकाशा मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि तो मागताना काय विचारायचे हे वाचकाला कळावे, एवढाच या ग्रंथाचा हेतू आहे.

कोठी, हैदराबाद